शिपाईमामांचे अकरा हप्ते

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त ऋणी कोणाचा असेन, तर आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचा. आई-वडिलांचं देणं वेगळं, ते मोजायचं नसतं. पण ज्यांचं माझ्याशी रक्ताचं नातं नाही, माझ्या शिकण्यातून ज्यांना काहीही मिळणार नव्हतं, अशा माणसांत पहिले तेच. शाळेत त्यांना सगळे मामा म्हणत, हेडमास्तरसुद्धा. पगारपत्रकावर त्यांचं पूर्ण नाव असायचं, पण ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो.

आमचं गाव तालुक्याचं. एक एसटी स्टँड, एक कोर्ट, दोन शाळा. घंटा वाजवणं, पाण्याची टाकी भरणं आणि सूचनेचं रजिस्टर घेऊन वर्गावर्गांत फिरणं, हे मामांचं काम. उद्या सुट्टी आहे, फी भरायची शेवटची तारीख अमुक, असं काही असलं की मामा ते लांबट रजिस्टर घेऊन दारात उभे राहत. सर सूचना वाचून दाखवत. पुष्कळदा वाचून झाल्यावर सही करायला विसरत आणि फळ्याकडे वळत. मामा हलत नसत. "सर, सही राहिली," एवढंच म्हणत. एकदा गणिताचे सर वैतागून म्हणाले, "मामा, सगळ्यांसमोर वाचली ना सूचना? मग सही कशाला?"

"वाचली हे मला माहीत, तुम्हाला माहीत," मामा म्हणाले. "रजिस्टरला कुठं माहीत?"

सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि त्यांनी सही केली.

माझे वडील शिंपी. त्यांना आम्ही आबा म्हणतो. शाळेचे गणवेश तेच शिवायचे. उन्हाळा संपत आला की आमच्या घरात खाकी आणि पांढऱ्या कापडाचे इतके गठ्ठे असायचे की झोपायला जागा शोधावी लागायची. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मला बारावीला चांगले मार्क पडले आणि इंजिनिअरिंगला नंबर लागला. फीचे पैसे नव्हते. बँकेच्या साहेबांनी तीनदा "पुढच्या सोमवारी या" म्हटलं. शेवटी गावातली पतसंस्था कर्ज द्यायला तयार झाली, पण दोन पगारदार जामीनदार आणा म्हणाली. म्हणजे मी हप्ता चुकवला तर ज्यांच्या पगारातून तो कापून घेता येईल अशी दोन माणसं. एक मिळाले, आबांचे मित्र, एसटीत कंडक्टर होते. दुसरं कोणी मिळेना. माझे शिक्षक वाईट नव्हते. कोणी आधीच दोघांना जामीन राहिलेले, कोणाच्या घरून परवानगी नव्हती. आबा शाळेत गणवेशाचं बिल मागायला गेले तेव्हा बोलता बोलता हे मामांच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी मामा पगाराची स्लिप चौघडी करून खिशात घालून पतसंस्थेत हजर. तिथले मॅनेजर आमच्याच शाळेत शिकलेले.

"मामा, पोरगं पळून गेलं म्हंजे?" त्यांनी विचारलं.

"कुठं पळतंय. त्याच्या शाळेचा दाखला कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली माझ्याकडं."

मॅनेजर हसले आणि त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. मामांनी सही केली ती एकेक अक्षर सुटं काढून, शेवटी खाली रेघ मारून. त्यांचं पूर्ण नाव मी तेव्हा वाचलं. मग पेन माझ्या हातात देत म्हणाले, "हं, आता तू."

पुढचं सगळं मी असं समजत आलो होतो: मी पास झालो, पुण्यात नोकरी लागली, तोपर्यंतचे हप्ते आबांनी शिलाईतून भरले होते, उरलेलं कर्ज मी फेडलं. लग्न झालं. २०१० नंतर दोन-तीन वर्षांनी कंपनीनं सिंगापूरला पाठवलं. आम्ही टॅम्पिनीसला फ्लॅट भाड्यानं घेतला. माझं ऑफिस बुओना व्हिस्टाला, एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं थेट, कुठे बदलायचं नाही. मुलगी तिथल्याच बालवाडीत जायला लागली आणि वर्षभरात आमच्याशी तिथल्या मुलांसारखं, वाक्याला 'लाह' लावत इंग्रजीत बोलायला लागली. सगळं बरं चाललं होतं.

मग आईच्या हृदयाची झडप बदलावी लागली. पुण्यात ऑपरेशन झालं, ती बरी झाली. विमा नव्हता. मी क्रेडिट कार्ड वापरलं, बँकेकडून विनातारण कर्ज घेतलं. तेव्हा जे सुचलं ते केलं. आई घरी चालायला लागली याच्या आनंदात मी कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहिलो आणि बाकीची वाढत राहिली.

याच सुमारास आमच्या कंपनीला एका सरकारी खात्याचं काम मिळालं. त्या कामावर बसणाऱ्या प्रत्येकाला सरकारची सुरक्षा मंजुरी लागणार होती. माझं नाव यादीत होतं, आणि मॅनेजरनं स्पष्टच सांगितलं होतं की जुनं काम संपतंय. मंजुरी मिळाली तर नवी जागा; नाही मिळाली तर माझ्यासाठी दुसरं काही नाही. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, काही महिन्यांत संपत होता. तो पुन्हा मिळायचा तर हातात काम हवं. म्हणजे एका फॉर्मवर आमचं तिघांचं तिथलं राहणं आणि गावी आईच्या औषधांचे पैसे, दोन्ही अवलंबून होतं.

फॉर्म पुष्कळ पानांचा होता. कुठे राहिलात, कुठे शिकलात, नातेवाईक काय करतात. शेवटच्या भागात पैशांचे प्रश्न. तुमची विनातारण कर्जं तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहेत का? आजवर कोणत्याही कर्जाचे हप्ते थकले आहेत का? सध्या कोणाकोणाचं देणं आहे? एचआरमधल्या बाई तिथल्याच, चिनी वंशाच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी मला कारण सांगितलं. कर्जात बुडालेल्या माणसाला पैसे दाखवून कोणीही फितवू शकतं, म्हणून सरकार विचारतं. मी सहज म्हणालो की भारतात शिकताना एक कर्ज घेतलं होतं, ते केव्हाच फिटलं.

"सेटल्ड ऑलरेडी? देन गेट लेटर, कॅन?" त्या म्हणाल्या. मी कॅन म्हणालो आणि आबांना फोन करून पतसंस्थेतून बाकी नसल्याचा दाखला आणायला सांगितलं.

खरी अडचण वेगळीच होती. कार्ड आणि बँक मिळून माझं कर्ज तीन पगारांच्या वर जात होतं.

आमचा टीम लीड पुण्याचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मनानं चांगला. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाण्याच्या ठेल्यांवर, जेवताना मी त्याला ही अडचण सांगितली. तो भाताचा घास तोंडाशी नेता नेता थांबला.

"एवढंच ना? मी देतो हातउसने. कार्ड साफ कर, तीनच्या खाली आण, फॉर्मवर नाही लिही. मंजुरी आली की सावकाश दे मला."

"पण ते तुमचं देणं राहीलच की."

"पहिलं म्हणजे अहो-जाहो बंद कर. आणि हातउसने म्हणजे कर्ज का? माझ्या आजोबांनी निम्म्या पेठेला हातउसने दिलेत, कधी कोणी चिठ्ठी लिहिली नाही."

"परत मिळाले का?"

"निम्मे," तो म्हणाला आणि हसायला लागला. "बाकी निम्म्यांनी मुलींची स्थळं सुचवली."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. "घ्या ना मग," ती म्हणाली. "दोन महिन्यांचा तर प्रश्न. तुम्ही काही कोणाचं बुडवणार नाही, हे मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे."

मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. दोन दिवसांत माझं मनातल्या मनात ते पैसे घेऊन, फॉर्म भरून, नव्या जागेवर बसूनही झालं होतं. फॉर्मच्या कच्च्या प्रतीवर पेन्सिलीनं दोन्ही प्रश्नांपुढे नाही असं लिहूनही ठेवलं होतं.

रविवारी सकाळी आबांनी झेरॉक्सवाल्याकडून दाखल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन पानं होती. एकावर दाखला: येणे बाकी निरंक, शिक्का, सही. मी एवढंच मागितलं होतं. पण पतसंस्थेतल्या कोणीतरी काळजीनं कर्जखात्याचा पूर्ण उताराही जोडला होता. मी तो सहज मोठा करून पाहिला. तारखा, रकमा, आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात 'रोख'. सगळीकडे 'रोख', 'रोख'. माझ्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाशी आलो तिथे थकबाकीचा शेरा, आणि मग 'जामीनदार पगार कपात'. त्याच्या खाली पुन्हा तेच. मी बोट लावून मोजलं. अकरा वेळा.

मी तिथल्या तिथे आबांना फोन लावला.

"आबा, मी तिसऱ्या वर्षाला असताना हप्ते कोण भरत होतं?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं. "कोण म्हंजे?"

"कागदावर जामीनदार पगार कपात असं लिहिलंय. अकरा वेळा."

"लिहितेत का ते तसं," आबा म्हणाले. "मला वाटलं नुसतं जमा लिहीत असतील."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या वर्षी आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवता येत नव्हता, गणवेशाचं काम दुसऱ्याकडे गेलं. पतसंस्थेनं शाळेला पत्र पाठवलं. कंडक्टरकाकांची तेव्हाच बदली झालेली, म्हणून कपात मामांच्या पगारातून सुरू झाली. आबा त्यांच्याकडे गेले तर मामांनी शपथ घातली, पोराला कळता कामा नये.

"पण मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस? आला असतास पुस्तकं गुंडाळून अन् बसला असतास मशीनवर."

"आणि नंतर? नोकरी लागल्यावर?"

"गेलो होतो की. तू पहिल्यांदा पैसे पाठवलेस तेच घेऊन गेलो. घेतले नाहीत. म्हणले, आधी घरावरचे पत्रे बदला. मग स्लॅब टाकला. मग तुझ्या बहिणीचं लग्न निघालं." आबांनी टीव्ही बंदच केला. "मग लाज वाटायला लागली. रस्त्यात दिसले की मी पलीकडच्या बाजूनं जायचो. अन् ते मुद्दाम रस्ता ओलांडून यायचे, चहा पाजायचे."

आणखी एक गोष्ट आबांनी सांगितली. त्या वर्षी मामांनी सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या मांडवात पाणी वाढायचं काम धरलं होतं.

हे ऐकलं आणि मला एक दुपार आठवली. दिवाळीनंतरच्या सुट्टीत मी गावी आलो होतो. मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. पंगतीत मामा जग घेऊन फिरताना दिसले. मी कॉलेजातला मुलगा, अंगात नवा शर्ट. मी मोठ्यानं म्हणालो, "काय मामा, इथंपण पाणीच का?" शेजारचे मित्र हसले. मामाही हसले. "सवय आहे," म्हणाले, आणि माझा पेला काठोकाठ भरून पुढे गेले.

मी फोन ठेवला आणि पेन्सिलीनं लिहिलेलं खोडायला रबर शोधायला लागलो. बायको समोर येऊन बसली. तिनं दोन्ही कागद पाहिले, उताराही वाचला.

"मग आता काय लिहिणार?"

"जे आहे ते. हप्ते थकले होते. कार्ड आहे, बँक आहे, मामा आहेत."

"आणि मंजुरी नाही मिळाली तर?"

"तर परत जावं लागेल."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पुण्यात कोणत्या शाळेत कधी प्रवेश असतात याचा ती मनात विचार करत असणार, कारण ती म्हणाली, "एप्रिलच्या आत कळलं तर बरं." आणि मग उठता उठता, "लिहा. पण अक्षर नीट काढा."

त्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरला. देण्यांच्या रकान्यात जागा कमी पडली म्हणून वेगळा कागद जोडला. मुलगी बाजूला चित्र रंगवत होती. "बाबा, व्हाय यू राइट सो लाँग?" तिनं विचारलं. "जस्ट टिक, लाह."

सोमवारी टीम लीडला मी त्याचे पैसे नको म्हणून सांगितलं आणि फॉर्मची प्रत दाखवली. त्यानं वेगळा कागद वाचला.

"तू फॉर्म भरलास की आत्मचरित्र लिहिलंस? अरे, शिपाई? बाकी निरंक असा दाखला जोडतोस आणि वर देणं आहे म्हणून लिहितोस? त्या फॉर्मला काय माहीत तुझा शिपाई?"

"म्हणूनच लिहिलं," मी म्हणालो.

तो दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याची बाजूही खरी होती. मी अडकलो तर त्याच्या टीममधला एक माणूस कमी होणार होता.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. साधी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. समोरच्या अधिकारी बाई माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी चष्म्यातून फॉर्म पाहिला. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, मला आठवतं तसं लिहितो.

"पहिलं देणं कार्ड, दुसरं बँक. हे समजलं. तिसरं व्यक्तीचं. नातं, शाळेतले शिपाई. हे काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी दाखल्याचं इंग्रजी भाषांतर उलटसुलट केलं. "इथे तर बाकी शून्य आहे."

"संस्थेची शून्य. त्यांची नाही."

"त्यांनी पैसे मागितलेत?"

"नाही."

"व्याज?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बहुतेकांना मी बोलावते ते त्यांनी काहीतरी लिहिलेलं नसतं म्हणून. तुम्हाला बोलावलं, कारण हे कोणत्या रकान्यात घालायचं ते मला कळेना."

मला हसावं की नाही ते समजेना. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो हसण्यासारखा नव्हता. "उद्या कोणी म्हणालं, तुमची सगळी कर्जं मी फेडतो, फक्त आतला एक कागद दाखवा. तर काय कराल?"

कधीच नाही, असं म्हणायचं मी ठरवून गेलो होतो. तोंडातून वेगळंच निघालं. "मॅडम, फॉर्म भरण्याआधी एका मित्रानं पैसे देऊ केले होते. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कर्ज तुम्हाला दिसू नये एवढ्यासाठी. मी दोन दिवस हो म्हणणारच होतो."

"मग?"

"मग हा उतारा आला."

त्या बराच वेळ लिहीत होत्या. मला वाटलं, संपलं. घरी जाऊन काय सांगायचं त्याची मी वाक्यं जुळवत होतो.

"मी नाही म्हणत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आज हो म्हणता येणार नाही. तुमचं कर्ज मर्यादेच्या वर आहे. कार्ड बंद करा. बँकेचं कसं फेडणार ते महिन्यागणिक लिहून द्या आणि तीन महिने तसं फेडून दाखवा. तुम्ही जी देणी लिहिलीत ती उतरताना दिसली पाहिजेत. तिन्ही."

"तिसऱ्याचा काय पुरावा देऊ?"

"पावती," त्या म्हणाल्या. "त्यांच्या सहीची."

कंपनीनं मला तीन महिने जुन्या कामाची कागदपत्रं लिहायला बसवलं. ते काम टीम लीडनं मॅनेजरशी भांडून मिळवलं होतं, हे मला नंतर कळलं. आम्ही टॅम्पिनीसचा फ्लॅट सोडून यिशुनला लहान आणि स्वस्त फ्लॅटमध्ये गेलो. आता ऑफिसला जाताना बिशन स्टेशनवर गाडी बदलावी लागायची. कार्ड मी कात्रीनं कापलं, आबांच्या सवयीनं अगदी सरळ रेषेत. पुण्याच्या नोकरीतला पीएफ चार वर्षं तसाच पडून होता, कारण तो काढायचा फॉर्म भरायचा मी आळस केला होता. तो काढून अकरा हप्त्यांची रक्कम मी आबांना पाठवली आणि मामांकडे जायला सांगितलं.

आबा गेले आणि पैसे घेऊन परत आले.

"म्हणले, मला काही आठवत नाही, वय झालं," आबांनी फोनवर सांगितलं. "सगळं आठवतंय त्यांना. तुझ्या दाखल्यावरचा नंबर आठवतोय."

मी स्वतः फोन करून पाहिला. "बरं आहे ना, लेकरू बरं आहे ना," असं दोनदा विचारून मामांनी फोन ठेवून दिला. तीन महिन्यांतला एक संपला होता. ज्या माणसानं कधी काही मागितलं नाही त्याच्याकडून पावती कशी घ्यायची, ते मला सुचत नव्हतं. एका सकाळी बिशनला गाडीची वाट बघताना एकदम सुचलं, आणि त्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं.

पुढे सगळं मार्गी लागलं. सरकारी मंजुरी आली, पास वाढवून मिळाला, त्या खात्याच्या कामावर मी चार वर्षं होतो. टीम लीड अजून मला चेष्टेनं शिपायाचा जावई म्हणतो. पण मामांना पाठवलेल्या पत्राची प्रत मी जपून ठेवली आहे, ती इथे देतो.

*

यिशुन, सिंगापूर

तीर्थस्वरूप मामा,

नमस्कार. आम्ही तिघं इथे बरे आहोत. आईही आता देवळापर्यंत चालत जाते, हे तुम्ही पाहिलं असेलच.

तुम्हाला काही आठवत नाही असं तुम्ही आबांना सांगितलंत. म्हणून मला आठवतं ते लिहितो. मी तिसऱ्या वर्षाला असताना एका लग्नात तुम्ही पंगतीत पाणी वाढत होतात आणि मी चारचौघांत तुमची थट्टा केली. माझा पेला तुम्ही काठोकाठ भरलात. ते पाणी कशाचं होतं ते मला यंदा कळलं. कळलं नव्हतं ही काही सबब नाही. मी विचारायला हवं होतं की मामा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही इथे का. मला माफ करा.

आता कामाचं. इथल्या सरकारच्या एका कामासाठी माझी तपासणी चालू आहे. तुझ्यावर कोणाकोणाचं देणं आहे, असा त्यात प्रश्न होता. मी तुमचं पूर्ण नाव लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, स्पेलिंग पतसंस्थेच्या कागदावरून घेतलं. आता इथल्या मोठ्या बाई म्हणतात की लिहिलं आहे तर ते फिटल्याची पावती दाखवा. त्यावर तुमची सही नसेल तर मला हे काम मिळणार नाही आणि आम्हाला परत यावं लागेल. परत यायला मी घाबरत नाही, पण आईची औषधं या पगारातून येतात.

म्हणजे मामा, हे पैसे मी तुम्हाला देत नाही, सरकार मला द्यायला लावतं आहे. तुम्ही घेतले नाहीत तर माझाच कागद अडतो. तुम्ही आजवर माझं काही अडू दिलं नाहीत.

पावती टाइप करून सोबत पाठवली आहे. रेव्हेन्यू तिकीट आबांकडे आहे, तेच चिकटवतील. घाई करू नका. तुमची ती सुटी सुटी अक्षरं आणि खालची रेघ, तशीच असू द्या. नातीला बघायचं राहिलंय, असं तुम्ही आबांना म्हणालात म्हणे. माझ्या मुलीचा फोटोही सोबत आहे. ती मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. पुढच्या सुट्टीत तिला घेऊन येतो. तिला शाळेची घंटा वाजवून बघायची आहे.

पावती दिल्यावर आपला हिशेब मिटला असं मी समजणार नाही. अकरा हप्त्यांचा मिटेल. मी मशीनवर बसलो नाही, त्याचा कसा मिटणार? तो राहू द्या. तो असला की मला बरं वाटतं.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. इथल्या रजिस्टरला माहीत नाही. म्हणून दारात उभा आहे.

मामा, सही राहिली.

तुमचा विद्यार्थी